स्ट्रॉबेरीच्या पानांवरील ठिपके: फवारणी करावी की पाने खुडावीत?

जावळी_खोरे

सर्व सभासदांना नमस्कार. महाबळेश्वरच्या पठारावरून पूर्वेकडे उतरताना लागणाऱ्या जावळी तालुक्यातील आमच्या गावात या हंगामात आम्ही विंटर डॉन आणि कॅमारोसा या दोन जातींची लागवड केली आहे. गादीवाफे, ठिबक आणि मल्चिंग पेपर अशी नेहमीचीच पद्धत असून रोपे वाईकडच्या एका रोपवाटिकेतून पिशवीतली आणली होती. परतीचा पाऊस लांबला आणि त्यानंतर पानांवर ठिपके दिसू लागले. सुरुवातीला ते अगदी लहान आणि जांभळट असतात. पुढे वाढून तीन ते सहा मिलिमीटरचे होतात, मध्यभाग राखाडी-पांढरा पडतो आणि भोवती लालसर जांभळी कड राहते.

दुकानात पान दाखवल्यावर ‘करपा आहे’ असे सांगून दोन बुरशीनाशके, एक कीटकनाशक आणि एक टॉनिक अशी यादी माझ्या हाती देण्यात आली. वडिलांचे मत याच्या अगदी उलट आहे: रोगट पाने खुडून शेताबाहेर न्यावीत आणि औषधाला हात लावू नये. फुले अजून यायची आहेत. हा रोग नेमका कोणता, आणि फुले येण्यापूर्वी फवारणी केली नाही तर फळाचे नुकसान होते का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

कवकनिरीक्षक

आपण केलेले वर्णन मायकोस्फेरेला फ्रॅगॅरी या बुरशीमुळे होणाऱ्या सामान्य पानठिपक्याशी जुळते. मी वनस्पतिरोगशास्त्र शिकवण्यात नोकरीची वर्षे घालवली असल्याने सवयीने थोडे विस्ताराने लिहितो. कंटाळा आल्यास पुढच्या प्रतिसादाकडे जावे.

स्ट्रॉबेरीच्या पानावर ठिपके पाडणाऱ्या बुरशी अनेक आहेत आणि दुकानात त्या सर्वांना करपाच म्हटले जाते. पांढरा मध्य आणि जांभळी कड हे सामान्य पानठिपक्याचे लक्षण आहे. ठिपके वेडेवाकडे, गडद जांभळे असतील, त्यांत पांढरा मध्य मुळीच नसेल आणि पानाची कड वळून भाजल्यासारखी दिसत असेल, तर तो डिप्लोकार्पन बुरशीचा पानजळ असतो. त्याच्या ठिपक्यात भिंगातून काळे, चकचकीत बिंदू दिसतात. मोठा तपकिरी डाग पानाच्या कडेपासून मध्यशिरेकडे इंग्रजी व्ही अक्षरासारखा निमुळता होत गेला असेल आणि तोही मुख्यतः जुन्या पानांवर असेल, तर फोमॉप्सिस या बुरशीचा संशय घ्यावा.

यात एक गोम आहे. हवा उष्ण आणि दमट असताना सामान्य पानठिपक्याचाही मध्य पांढरा पडत नाही आणि संपूर्ण ठिपका गंजाच्या रंगाचा राहतो. म्हणून एकाच पानावरून निदान करू नये. निरनिराळ्या वाफ्यांतील दहा-बारा पाने गोळा करावीत, त्यांत कोवळी आणि जुनी अशी दोन्ही असावीत, आणि दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून ती दोन्ही बाजूंनी पाहावीत. असे भिंग स्वस्तात मिळते.

भिलारकर_आबा

वडिलांचे बरोबर आहे. लागवड नीट लागली की जुनी, ठिपकेदार पाने आम्ही दरवर्षी काढतो. रोपवाटिकेतून आलेली पहिली दोन-तीन पाने तशीही पुढे सुकणारच असतात, आणि नंतरच्या पानांवर रोग पसरतो तो त्याच पानांवरून.

खुडण्याची मात्र रीत आहे. पाने ओली असताना वाफ्यात शिरू नये, कारण हात, कपडे आणि कात्री यांच्याबरोबर बुरशीचे बी (बीजाणू) पुढच्या रोपावर जाते. दहिवर वाळल्यावर, साधारण दहानंतर कामाला लागावे. पान ओढून तोडू नये, देठ खोडाजवळ कात्रीने कापावा. ओढले तर रोपाची मान दुखावते आणि तिथून दुसरीच कूज शिरते. काढलेली पाने सरीत टाकून जाणारे मजूर मी पाहिले आहेत. असे करायचे असेल तर पाने झाडावरच राहू दिलेली काय वाईट?

सातारा_दुकान

मी कृषी सेवा केंद्र चालवतो, त्यामुळे या धाग्यावर माझी बाजू लंगडी ठरणार याची मला कल्पना आहे. तरीही सांगतो, की काउंटरवर येणारा शेतकरी एक सुकलेले, खिशात चुरगळलेले पान दाखवतो, बाहेर गाडी चालू ठेवलेली असते, आणि ‘काहीतरी जोरदार द्या’ एवढेच म्हणतो. अशा वेळी मी भिंग काढून बसलो तर तो पलीकडच्या दुकानात जातो. टॉनिकचे समर्थन मी करणार नाही. कीटकनाशकाचे मात्र एखादे वेळी कारण असू शकते, कारण लाल कोळी या किडीने रंग बदललेले पानही लोक करपा म्हणून घेऊन येतात. त्या पानाची खालची बाजू पाहिली तर बारीक जाळी दिसते. बुरशीच्या ठिपक्यात जाळी नसते.

जावळी_खोरे

@सातारा_दुकान, पान ताजे होते आणि गाडी बंद होती, एवढीच नोंद करतो. :-)

प्लांटसिटीकर

मी मूळचा वाईचा असून सध्या फ्लोरिडात, प्लांट सिटीजवळ राहतो. हा भाग हिवाळी स्ट्रॉबेरीसाठी प्रसिद्ध आहे, आणि आपण लावलेली विंटर डॉन तसेच महाबळेश्वरला पूर्वी घरोघर असलेली स्वीट चार्ली या दोन्ही जाती फ्लोरिडा विद्यापीठानेच विकसित केलेल्या आहेत. हंगामही जवळपास सारखाच आहे: सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात लागवड आणि डिसेंबरपासून तोडा.

येथेही रोपे बाहेरून, मुख्यतः कॅनडा, कॅलिफोर्निया आणि नॉर्थ कॅरोलिनातील रोपवाटिकांतून येतात. २०१७ च्या सुमारास या भागातील काही शेतांत एक वेगळाच पानठिपका दिसला. ठिपके तपकिरी होते, त्यांच्यावर काळे बिंदू येत होते, आणि पावसानंतर काही दिवसांतच पान, देठ, फळ असे सारे रोप खराब होत होते. निओपेस्टॅलोशिऑप्सिस नावाची ती बुरशी निघाली, आणि रोपवाटिकेतून रोपांबरोबरच ती शेतांत आली, असे पुढे स्पष्ट झाले. त्या वेळी अनेकांनी तिला नेहमीचाच पानठिपका समजून नेहमीचीच औषधे मारली. तिच्यापुढे त्यांतील बरीचशी निष्प्रभ ठरली.

@जावळी_खोरे, आपल्या शेतात तीच आहे असे मी म्हणत नाही. पांढऱ्या मध्याचे वर्णन तसे सुचवतही नाही. तथापि ठिपक्यात काळे बिंदू दिसले तर ते पान प्रयोगशाळेत पाठवण्यात आळस करू नये.

टेरेसवरची_ताई

मी पुण्यात गच्चीवर कुंड्यांत मोजकी रोपे लावली आहेत. त्यांच्याही पानांवर असेच ठिपके आले म्हणून आंबट ताक पाण्यात मिसळून फवारले, आणि कुणी सांगितले म्हणून पुढच्या आठवड्यात खाण्याचा सोडाही फवारला. ठिपके आहेत तसेच आहेत, नवीन पाने मात्र स्वच्छ येत आहेत. हा गुण ताकाचा म्हणावा की सोड्याचा?

कवकनिरीक्षक

ताई, बहुधा दोन्हींचा नव्हे, उन्हाचा. पानावर एकदा पडलेला ठिपका कोणत्याही औषधाने पुसला जात नाही, कारण तेथील पेशी मेलेल्या असतात. औषधाचे यश मोजायचे ते पुढच्या पानांवर. पाऊस थांबल्यावर आणि पाने कोरडी राहू लागल्यावर नवीन पाने स्वच्छच येतात, मग आपण काय फवारले याला फारसा अर्थ उरत नाही. पुष्कळ घरगुती उपायांची कीर्ती अशीच हवामानाच्या जिवावर उभी राहिलेली असते, आणि महागड्या औषधांचीही काही प्रमाणात तशीच.

सोड्याच्या जातीची बायकार्बोनेटे भुरीवर थोडीफार उपयोगी पडतात. भुरीची बुरशी पानाच्या पृष्ठभागावर वाढते, त्यामुळे ती अशा फवारणीच्या तडाख्यात सापडते. पानठिपक्याची बुरशी पानाच्या आत असते. शिवाय या दोघींच्या गरजाही वेगळ्या आहेत: पानठिपक्याच्या बीजाणूला रुजण्यासाठी पानावर प्रत्यक्ष पाणी लागते आणि तेही कित्येक तास सलग, तर भुरीला हवेतील दमटपणा पुरतो. भुरीत पानाच्या कडा वर वळतात आणि खालच्या बाजूस पांढरी पूड दिसते.

कुंड्यांना वरून झारीने पाणी घालत असाल तर ते बंद करून बुडाशी, तेही सकाळी घालावे. संध्याकाळी भिजलेले पान रात्रभर ओले राहते.

टेरेसवरची_ताई

झारीनेच घालत होते, आणि तेही संध्याकाळी. ताक आता आम्हीच पिऊ.

पाचगणी_पॉइंट

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तिथे पान कोरडे ठेवा म्हणणे सोपे आहे. गव्हाच्या गेरव्यावर, म्हणजे तांबेरा या बुरशीच्या रोगावर, काम करणारे कृषी विद्यापीठाचे केंद्र महाबळेश्वरला आहे, ते काय उगाच? बुरशीला मानवणारी हवा म्हणूनच ना!

भिलारकर_आबा

पावसाळ्यात आमच्याकडे लागवड नसतेच, @पाचगणी_पॉइंट. मातृरोपे परदेशातून आली की त्यांचे रनर, म्हणजे नवी रोपे देणाऱ्या आडव्या दांड्या, घेण्याचे काम वाईच्या बाजूला होते, कारण पठारापासून पूर्वेकडे पाऊस झपाट्याने कमी होत जातो. वर लागवड होते ती पावसाचा जोर ओसरल्यावर. अडचण येते ती परतीच्या पावसाची, आणि अलीकडे नोव्हेंबर-डिसेंबरात मध्येच येणाऱ्या अवकाळीची.

थंडीत वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याकडे दवाचे हिमकण होतात, त्याचे फोटो वर्तमानपत्रांत येतात. त्या दिवसांत पाने सकाळी उशिरापर्यंत ओलीच असतात, पण ठिपके वाढलेले मला तरी दिसत नाहीत. हे कसे, ते सरांनी सांगावे.

कवकनिरीक्षक

आबांचे निरीक्षण मोलाचे आहे. ओलावा आणि तापमान या दोन्हींचा हिशेब एकत्र करावा लागतो. या बुरशीला वीस ते पंचवीस अंशांची उबदार हवा सर्वाधिक मानवते. तापमान खाली गेले की तेवढ्याच लागणीसाठी पान कितीतरी अधिक वेळ ओले राहावे लागते, म्हणून हिमकणाच्या पहाटे पान ओले असूनही रोग रेंगाळतो. याउलट ऑक्टोबरातील ढगाळ दिवस, उबदार रात्र आणि रिमझिम एकत्र आली तर एका रात्रीचा ओलावाही पुरतो, आणि ठिपके पुढच्या एक-दोन आठवड्यांत दिसू लागतात. ठिपके दिसतात त्या दिवशी आपण घाबरतो. लागण त्याच्या कितीतरी आधी होऊन गेलेली असते.

कोवळी, उलगडत असलेली पानेच या रोगाला सहज बळी पडतात. पान पूर्ण वाढून निबर झाले की त्याला नवी लागण होणे कठीण जाते. जुन्या पानांवर ठिपके अधिक दिसतात, कारण ती कोवळी असताना पाऊस चालू होता.

रोपवाटिका_पसरणी

या धाग्यावर रोपवाटिकांकडे वारंवार बोट दाखवले जात आहे, म्हणून लिहिणे भाग आहे. आमच्याकडे मातृरोपे येतात ती रोगमुक्ततेच्या प्रमाणपत्रासह आणि विलगीकरणाचे नियम पाळून येतात. त्यानंतर जून ते सप्टेंबर, म्हणजे ऐन पावसात, एका मातृरोपाचे रनर धावत सुटतात आणि हजारो पिशव्या एकमेकींना खेटून ठेवाव्या लागतात. जागा वाढवली तर रोपाचा दर वाढतो, आणि दर वाढला की तोच ग्राहक शेजारच्या रोपवाटिकेत जातो.

आणखी एक गोष्ट कुणी बोलत नाही. काही शेतकरी खर्च वाचवण्यासाठी गतवर्षीची झाडे पावसाळाभर शेतातच ठेवून त्यांचेच रनर लावतात. त्या झाडांच्या जुन्या पानांवर बुरशी सुखाने राहिलेली असते आणि पावसाच्या थेंबांबरोबर नव्या रनरवर उडते. शेजारच्या बागेत स्वच्छ रोपे आली तरी दोन पावसांत हिशेब सारखा होतो. सगळा रोग रोपवाटिकेतूनच येतो, असे म्हणणे म्हणूनच मला मान्य नाही.

वाळवा_ते_वाई

@रोपवाटिका_पसरणी, शेजारच्या बागेचा मुद्दा मान्य केला तरी रोपे घेताना आम्हाला पिशव्या उलटसुलट करून पाहू दिल्या जात नाहीत, हे कसे विसरायचे? एका ठिकाणी मी पानाची खालची बाजू पाहू लागलो तर ‘घ्यायचे असेल तर घ्या’ असे ऐकवण्यात आले. पंधरा रोपे तपासायला कितीसा वेळ लागतो?

पान पाहून भागतही नाही. याच बुरशीचे ठिपके देठावर, रनरच्या दांडीवर आणि फळाच्या टोपीवरही येतात. पाने छाटून, हिरवीगार दिसणारी रोपे विकली जातात तेव्हा दांडीवरचे लांबट डाग पाहावेत.

रोपवाटिका_पसरणी

तपासू देत नसतील तर तिथून रोपे घेऊ नयेत. यावर माझा कोणताही प्रतिवाद नाही.

जुनी_पाने

विषयाला थोडी बगल देतो. आज आपण खातो ती मोठी स्ट्रॉबेरी ही अमेरिकेच्या दोन टोकांच्या दोन जातींचा युरोपातील संकर आहे. फ्रेझिए नावाचा फ्रेंच अधिकारी १७१४ मध्ये चिलीतून मोठ्या फळाची रोपे फ्रान्सला घेऊन आला, पण तेथे त्यांना फळेच धरेनात, कारण आणलेली रोपे मादी होती. उत्तर अमेरिकेतून आलेली व्हर्जिनियाची स्ट्रॉबेरी शेजारी लागली आणि मग काम झाले. दुशेन या तरुण वनस्पतिशास्त्रज्ञाने १७६६ मध्ये या संकराची उकल केली. ब्रिटिशांबरोबर हे फळ महाबळेश्वरच्या थंड हवेत आले, आणि २०१० मध्ये महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळाले. एवढ्या प्रवासात बुरशी कुठे मागे राहणार? रोप प्रवासाला निघाले की तिचे तिकीट त्यातच असते.

सातारा_दुकान

आणि शेवटी ती माझ्या काउंटरवर येते.

प्लांटसिटीकर

@जुनी_पाने यांचा शेवटचा मुद्दा थट्टेत घेऊ नये. फ्लोरिडात उघड्या मुळांची रोपे लावल्यावर ती तगावीत म्हणून सुरुवातीचे काही दिवस दिवसभर तुषार सिंचन चालवतात. रोपाबरोबर आलेली बुरशी त्याच दिवसांत शेतभर उडते. पिशवीतल्या रोपांना असे भिजवावे लागत नाही, हा महाबळेश्वरच्या पद्धतीचा मोठा फायदा आहे. ठिबक असूनही पहिल्या आठवड्यात पाइपने वरून पाणी मारण्याची सवय काही ठिकाणी दिसते; ती सोडली तरी बराच फरक पडेल.

पावसाच्या थेंबाने बी उडते तेव्हा जमिनीवर काय आहे, यालाही महत्त्व असते. मल्चिंग पेपरमुळे मातीचा शिंतोडा थांबतो, परंतु पेपरवर पडलेल्या रोगट पानावरून उडणारा थेंब तो थांबवू शकत नाही.

मधाचा_डोंगर

आमच्या मधपेट्या मांघरच्या बाजूला असतात. २०२२ मध्ये याच मांघरला ‘मधाचे गाव’ म्हणून मान मिळाला. फुले आल्यावर फवारायचेच झाल्यास सूर्य मावळताना, माश्या पेटीत परतल्यावर फवारावे. बुरशीनाशकाने माशी लगेच मरत नाही म्हणून लोक बेफिकीर राहतात, पण भिजलेल्या फुलाकडे माशी फिरकत नाही आणि परागण अर्धवट राहिलेले फळ वेडेवाकडे होते. मग त्या फळासाठीही कुणीतरी टॉनिक सुचवते.

जावळी_खोरे

सर्वांचे आभार. भिंग मिळवले आणि दोन्ही जातींची पाने सकाळी पाहिली. बहुतेक ठिपक्यांचा मध्य पांढरा आहे आणि काळे बिंदू कुठेही दिसले नाहीत. विंटर डॉनच्या एका कोपऱ्यातील पानांवर मात्र वेगळाच प्रकार आढळला: खालच्या बाजूला पाणी शोषल्यासारखे बारीक कोनदार डाग असून पान उजेडासमोर धरले की ते आरपार पिवळसर दिसतात. वरच्या बाजूला नंतर तपकिरी डाग पडले आहेत. तो कोपरा पाइपच्या गळक्या जोडाजवळ आहे.

कवकनिरीक्षक

हा कोपरा फार महत्त्वाचा आहे, आणि दुकानातील यादी वापरली असती तर तो तसाच राहिला असता. शिरांनी अडवलेले, कोनदार, उजेडात पारदर्शक दिसणारे डाग हे झँथोमोनास फ्रॅगॅरी या जिवाणूचे लक्षण असते. हा बुरशीचा रोग नाही, त्यामुळे नेहमीची बुरशीनाशके त्याच्यावर निरुपयोगी आहेत. थंड रात्री आणि ओली पाने त्याला मानवतात, म्हणून हिवाळा सुरू होताना तो वाढू शकतो.

खात्रीसाठी एक सोपी चाचणी करता येईल. ताज्या डागाच्या कडेचा बारीक तुकडा ब्लेडने कापून स्वच्छ पाण्याच्या काचेच्या पेल्यात सोडावा आणि मागे काळा कागद धरावा. कापलेल्या कडेतून दुधाळ धार पाण्यात उतरताना दिसली तर जिवाणू आहे असे समजावे. धार दिसली नाही म्हणून जिवाणू नाहीच, असे मात्र ठरवू नये. पान प्रयोगशाळेकडे पाठवावे.

तो कोपरा सर्वांत शेवटी खुडावा, कात्री निर्जंतुक करावी, आणि रोपे थोडीच असतील तर ती मुळासकट काढून टाकावीत. ताम्रयुक्त औषध येथे चालते, तथापि ते वारंवार मारल्यास स्ट्रॉबेरीच्या पानांना इजा होते. गळका जोड आजच बदलावा.

भिलारकर_आबा

बाकी शेतात काय करायचे तेही सांगा सर, पोराने विचारले होते ते तेच.

कवकनिरीक्षक

होय, मूळ प्रश्न मागे पडला होता. सामान्य पानठिपका थोडा असेल तर उत्पन्नावर जाणवण्याजोगा परिणाम होत नाही. पानाचा बराचसा भाग व्यापला गेला तर रोप कमकुवत होते आणि फळ लहान राहते. फळावरही ही बुरशी क्वचित येते आणि बियांभोवती काळे ठिपके पडतात. चव बिघडत नाही, परंतु अशा फळाला बाजारात दर मिळत नाही. आपल्या शेतात फुलांपूर्वी जुनी पाने काढून पाऊस थांबण्याची वाट पाहणे पुरेसे ठरेल, असे माझे मत आहे. खुडतानाही हात आखडता ठेवावा, कारण निरोगी पानेही सपाट्यात काढली तर फळ पोसायला काही उरत नाही.

पुन्हा पावसाचा अंदाज असेल आणि कोवळ्या पानांवर नवे ठिपके दिसत असतील, तर पावसापूर्वी कॅप्टन किंवा मँकोझेबसारखे स्पर्शजन्य (पानाच्या पृष्ठभागावरच काम करणारे) बुरशीनाशक घ्यावे. डब्यावरील लेबलात स्ट्रॉबेरीचे नाव आहे का आणि शेवटची फवारणी व काढणी यांत किती दिवसांचे अंतर सांगितले आहे, हे आधी वाचावे. तोडा सुरू झाला की स्ट्रॉबेरी एक-दोन दिवसांआड काढावी लागते, फळाला साल नसते आणि ते धुऊन लगेच खाल्ले जाते. ते अंतर पाळणे मग जवळजवळ अशक्य होते. जे काही करायचे ते फुलांपूर्वी, असे मी म्हणतो ते त्यामुळेच.

आंतरप्रवाही, म्हणजे पानाच्या आत शिरणाऱ्या, औषधांची घाई करू नये. कार्बेन्डाझिमसारख्या किंवा स्ट्रॉबिल्युरिन गटातील औषधांचा मारा सतत केला तर त्यांना दाद न देणाऱ्या बुरशीची निवड आपणच करत असतो, आणि पुढे फळकूज आली की तीच औषधे हाती उरत नाहीत. कॅमारोसा अँथ्रॅक्नोज या बुरशीच्या रोगाला बळी पडणारी जात आहे, हेही ध्यानात असू द्यावे. शेवटचे म्हणजे नत्र जपून द्यावे. जास्त नत्राने पाने लुसलुशीत आणि दाट होतात आणि दाट पाने उशिरा वाळतात.

सातारा_दुकान

कॅप्टनमध्ये कोणतेही तेल किंवा तेलयुक्त औषध मिसळू नये, पाने भाजतात. आणि भुरीसाठी गंधक वापरणार असाल तर कडक उन्हात वापरू नये. हा सल्ला विनामूल्य आहे. काउंटरवर भिंग ठेवले आहे, हेही सांगून टाकतो.

वाळवा_ते_वाई

पलीकडचे दुकान काय म्हणते?

सातारा_दुकान

गिऱ्हाईक अजून तिकडेच जाते, पण पान माझ्याकडे दाखवून.

टेरेसवरची_ताई

एक शंका राहिली. खुडलेली पाने गच्चीवरच्या कंपोस्टच्या डब्यात टाकली तर चालतील का? दोन कुंड्यांची पाने आहेत, जाळायला जीव होत नाही.

रोपवाटिका_पसरणी

ताई, घरगुती डबा फारसा तापत नाही आणि ही बुरशी वाळलेल्या पानातही तग धरते, त्यामुळे ते कंपोस्ट पुन्हा स्ट्रॉबेरीच्या कुंडीत घालू नका. इतर झाडांना, कढीपत्त्याला किंवा जास्वंदीला घातले तर या रोगाची भीती नाही, कारण ही बुरशी स्ट्रॉबेरीवरच राहते. शेतात मात्र आम्ही पाने पोत्यात भरून बाहेर नेतो आणि खोल खड्ड्यात पुरतो. पोते वाफ्याच्या कडेला रात्रभर ठेवू नये, एवढे पाहावे.